संघ आता तू निवड



संयोजकांनी मला फुटबॉलवर बोलायला सांगितलंय. आपल्या वेळी मेहकरात शाळेकडे फुटबॉल होता एकच, तोही सायकलच्या दुकानातून पंक्चर काढून आणलेला! पण त्यानं मला खेळाचं वेड लावलं. पुढे नोकरीसाठी मुंबईला गेलो, तेव्हा कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने पाहायचो. त्या कपाचा इतिहास वाचला आणि मनात एक सल राहिला. तोच आज सांगतो.

ही स्पर्धा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला, पाठोपाठ मुंबईत रोव्हर्स. पहिला मोसम १८९१ चा. कप नेला वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीनं. खेळ तेव्हा घडतच होता. पेनल्टी किकचा नियमसुद्धा त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झाला. त्याआधी गोलच्या तोंडाशी मुद्दाम हात लावला, तरी साध्या फ्री किकवर भागायचं.

मैदान आपलं, माती आपली. पण कप पलटणींचा. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनं कप जिंकला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. पहिल्या मोसमानंतर तब्बल ४६ वर्षांनी!

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कलकत्त्याचं. २९ जुलै १९११ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. समोर बूट घातलेले गोरे, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी.

हे वाचलं आणि मला नववीचं वर्ष आठवलं. बुलढाण्याला सामन्यासाठी संघ न्यायचा होता. कॅप्टन मी. आपल्यात सर्वांत चपळ खेळाडू कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात काळी माती पायाला शेरभर चिकटायची, तरी तो बॉल घेऊन सुटला की हाती लागायचा नाही. पण त्याच्याकडे बूट नव्हते. मी त्याला वगळलं. बूट सक्तीचे आहेत का, हे सरांना विचारलंसुद्धा नाही. मला संघ झोकात दिसायला हवा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एसटी स्टँडवर आला. बॉलची पिशवी त्यानंच गाडीत चढवून दिली. म्हणाला, "जिंकून या रे." आम्ही हरून आलो. त्यानं कधी विषय काढला नाही, आणि मीही नाही.

गोऱ्यांनी आपल्याला किती वर्षं दूर ठेवलं, हे मी मुंबईत तावातावानं सांगायचो. माझ्या मैदानावर मी काय केलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

तो आज इथे बसलाय. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. मित्रा, इतकी वर्षं उशीर झाला. चुकलो. सगळ्यांसमोर माफी मागतो.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर या. बॉल मी आणलाय, नवा आहे. बूट-चपला सगळ्यांनी कडेला काढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी गोलमध्ये उभं राहायचं. आणि संघ तो निवडेल. मला घेतलं नाही, तर पिशवी मी धरीन.