एकटीच्या ताटात आज काय?

आम्ही माणदेशातल्या एका वाडीवरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. जेवणं उरकली असतील तर दोन मिनिटं टेका. आणि जिचं जेवण अजून व्हायचंय, तिनं तर नक्कीच ऐका. कारण आज आपण रात्रीच्या जेवणावरच बोलणार आहोत, आणि तेही एकटीच्या.

आमच्या गटांत अशा सातजणी आहेत, ज्या रात्री एकट्याच जेवतात. एकीची मुलं गलाईच्या धंद्यात परराज्यात आहेत. दोघींचे मालक वारले. एकीला नवऱ्यानं टाकलंय. एकीनं आईवडिलांचं करता करता लग्नच केलं नाही. एकीची लेक शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि घर एकदम रिकामं झालं. आणि सातवी म्हणजे बीए झालेली, गटांच्या वह्या तपासत गावोगाव फिरणारी, रात्री आठला कुलूप उघडणारी. हे भाषण तिनंच लिहून काढलंय आणि तीच वाचतेय. पण बोलणं साताजणींचं आहे, म्हणून ‘आम्ही’.

झालं असं की, मागच्या पावसाळ्यात उपकेंद्रातल्या सिस्टर आमच्या बैठकीला आल्या आणि सगळ्यांचं रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे. आम्हा सातजणींत एकीचंही नव्हतं. सगळ्यात थोरल्या आक्कांचं तर नऊच्याही खाली. सिस्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहज विचारलं, “आक्का, रात्री काय जेवता?” आक्का म्हणाल्या, “असंच काहीतरी.” सिस्टरांनी शेजारणीला विचारलं. तीही म्हणाली, “असंच काहीतरी.” सातजणींचं सात वेळा तेच उत्तर आलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना.

कारण ‘असंच काहीतरी’ म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. सकाळची भाकरी चहात बुडवून खायची. नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. नाहीतर चुरमुरे. आणि वह्या लिहिणारी बाई तर बिस्किटाचा पुडा खाऊन झोपायची.

हे काही आमच्याच वाडीचं दुखणं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींत रक्त कमी निघालं. १०० मध्ये साधारण ५४. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण ताटात काय पडतं हे त्यातलं मोठं कारण.

मग आम्ही सातजणी एका दुपारी बसलो आणि खरं खरं बोललो. का करत नाही आपण रात्री स्वयंपाक?

पहिलं कारण निघालं मापाचं. जन्मभर आठ-दहा माणसांचं शिजवलं, हात त्याच मापाचा झाला. एकीसाठी डाळ घातली तरी दोन दिवस पुरते, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते. कुकर पाच लिटरचा. त्यात एक वाटी डाळ तळाला लागते. दुसरं कारण, दिवसभर रानात राबून आल्यावर अंगात त्राण नसतं.

तिसरं कारण सांगायला वेळ लागला. आक्का म्हणाल्या, “मालक गेल्यावर वर्षभरानं मी एकदा लसणाची फोडणी घातली. शेजारची दारात येऊन म्हणाली, कोण आलंय गं? मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाली, मग एकटीला कसली एवढी फोडणी!” तेव्हापासून आक्का फोडणी घालायची झाली तर आधी खिडकी लावून घ्यायच्या.

आणि चौथं कारण सगळ्यात खोल निघालं. आम्ही एकमेकींना विचारलं, “तुला स्वतःला काय आवडतं?” मैत्रिणींनो, सोपा प्रश्न आहे ना? आम्हाला उत्तर देता येईना. सासऱ्यांना काय आवडायचं ते पाठ. मुलाला काय चालत नाही ते पाठ. स्वतःचं मात्र आठवावं लागलं. बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या, “मला शेंगोळे आवडायचे. आमच्या घरात कुणाला आवडत नव्हते. म्हणून लग्न झाल्यापासून केलेच नाहीत.” चाळीस वर्षं!

त्याच दिवशी ठरलं. गटाची बैठक गुरुवारी असते. म्हणून दर बुधवारी रात्री प्रत्येकीनं आपल्या घरी, आपल्यासाठी, एक नवा पदार्थ करायचा. नवा म्हणजे काय, तर आपण स्वतः कधी न केलेला किंवा करायचं सोडून दिलेला. त्यासाठी दुकानातून महागडं काही आणायचं नाही. आणि गुरुवारी बैठकीत सांगायचं, काय केलं, किती घेतलं, कसं झालं. ‘असंच काहीतरी’ हे उत्तर चालणार नाही.

आता चार पदार्थ सांगतो. मापं एकटीची आहेत. वाटी म्हणजे आपली आमटीची वाटी.

पहिले आक्कांचे शेंगोळे. एक वाटी हुलग्याचं पीठ आणि दोन चमचे ज्वारीचं पीठ घ्या. त्यात लसूण, मिरची, जिरं वाटून घाला, हळद आणि मीठ घाला आणि पीठ घट्ट मळा. हाताला थोडं तेल लावून बोटाएवढ्या वळकट्या करा आणि त्यांची कडी वळा. पातेल्यात लसणाची फोडणी करून तीन-चार वाट्या पाणी घाला. पाणी खळखळा उकळलं की एकेक कडं सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून घातलं की रस दाट होतो. भाकरी नसली तरी चालतं, एका पातेल्यात जेवण होतं. आमच्यातल्या एकीनं पीठ सैल मळलं आणि कोमट पाण्यातच शेंगोळे सोडले. सगळ्याचं पिठलं झालं. तिनं ते पिठलं म्हणूनच खाल्लं आणि गुरुवारी तसंच सांगितलं. तेव्हा पाणी उकळल्याशिवाय सोडू नका.

दुसरे फुणके. आमच्यातल्या एकीचं माहेर जळगावकडचं. तिकडचा हा पदार्थ आम्ही आधी नावानंही ऐकला नव्हता. अर्धी वाटी तूरडाळ चार तास भिजवा. दुपारीच भिजत घातली तर रात्री तयार. पाणी निथळून, पाणी न घालता जाडसर वाटा. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा आणि मीठ घाला. मुठीत दाबून मुटके करा आणि चाळणीवर ठेवून पंधरा मिनिटं वाफवा. वरून कच्चं तेल घाला किंवा ताकाच्या कढीबरोबर खा. आमच्या जळगावच्या बाईनं लग्नानंतर हे पहिल्यांदाच केले. गुरुवारी डब्यात चार घेऊन आली आणि आम्हा सातजणींनी वाटून खाल्ले.

तिसरी बाजरीची खिचडी. अर्धी वाटी बाजरी पाण्याचा हात लावून थोडा वेळ ठेवा, मग मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि पाखडून कोंडा काढा. पीठ करायचं नाही, भरडच हवी. पाव वाटी मूगडाळ घालून तासभर भिजवा. आता कुकरचं दुखणं. मोठ्या कुकरात तळाला पाणी घाला आणि आत एक उंच डबा ठेवा. खिचडी, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ त्या डब्यात. मंद आचेवर सहा-सात शिट्ट्या घ्या. तळाला लागत नाही आणि मोठं भांडंही घासावं लागत नाही. शेजारी दुसरा लहान डबा ठेवला तर त्यात बटाटा किंवा अंडं उकडून निघतं. वरून लसणाची चरचरीत फोडणी घाला. बाजरी आपल्या रानातली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून जगभर पाळलं, आणि आपण तीच बाजरी विकून बिस्किटं आणत होतो!

चौथं, थकून आलेल्या दिवसाचं. शेवग्याच्या पाल्याचं धिरडं. एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, मूठभर धुऊन चिरलेला शेवग्याचा कोवळा पाला, कांदा, मिरची, मीठ आणि पाणी. पळीनं सोडता येईल इतपत पातळ भिजवा, तव्यावर घाला आणि झाकण ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत दोन धिरडी. वह्या लिहिणारीनं पहिल्या दिवशी तवा नीट तापायच्या आधीच घातलं आणि ते उलथन्यानं खरवडून खाल्लं. दुसऱ्या बुधवारी जमलं. आता तिच्या घरी बिस्किटाचा पुडा पाहुण्यांसाठी असतो.

दोन गोष्टी सिस्टरांनी सांगितल्या, त्याही गाठीला बांधा. जेवणावर लिंबू पिळा. डाळी, धान्य आणि पाल्यातलं लोह त्यानं अंगी लागतं. आणि जेवताना किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, चहा ते लोह अंगी लागू देत नाही. तासभर तरी जाऊ द्या. आणि रक्त कमी असेल तर गोळ्या सोडायच्या नाहीत. जेवण गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांच्या जोडीला.

आता तुम्ही म्हणाल, सातजणी आहात तर एकत्रच का नाही जेवत? आम्हीही तेच म्हटलं. महिनाभर करून पाहिलं. पहिले आठ दिवस मजेत गेले. पुढे कुणाची म्हैस व्यायली, कुणाला पाण्याची पाळी रात्रीची आली. आणि हळूहळू जिचं घर मधोमध, तिच्याच गळ्यात रोजचा स्वयंपाक पडला. ती पुन्हा दुसऱ्यांसाठी रांधायला लागली आणि स्वतः शेवटी जेवायला लागली. आम्हीच ते थांबवलं. आता महिन्यातून एकदा एकत्र जेवतो, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा. बाकीचे दिवस जिची तिची चूल.

कारण खरी गोष्ट तिथंच होती, मैत्रिणींनो. चार माणसं जेवायला असली की आपण करतोच. ते आपल्याला शिकवावं लागत नाही. आपल्याला शिकायचं होतं ते हे, की समोर कुणी नसतानाही करायचं. घरात जेवणारं एक माणूस आहे, ते भुकेलं आहे, दिवसभर राबलेलं आहे. ते माणूस पाहुणा असता तर आपण त्याला चहात बुडवलेली भाकरी दिली असती का?

तीन महिन्यांनी सिस्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. सगळ्यांचं वर आलं होतं. आक्कांचं दहाच्या पुढे गेलंय, १२ ला अजून पोचायचंय. त्याचं श्रेय गोळ्यांना द्याच. पण सिस्टरांनी पुन्हा विचारलं, “आक्का, काल रात्री काय जेवलात?” आणि आक्का म्हणाल्या, “शेंगोळे. लिंबू पिळून.” असं नाव घेऊन सांगितलं.

शेजारणीचं काय झालं, तेही सांगतो. आक्का आता खिडकी लावत नाहीत. मागच्या महिन्यात शेजारीण फोडणीच्या वासानं पुन्हा दारात आली. म्हणाली, “कोण आलंय गं?” आक्का म्हणाल्या, “कुणी नाही. मीच आहे की.” आणि एक वाटी भरून तिच्या हातात दिली. आता बुधवारी ती विचारून जाते, आज काय करणार म्हणून.

तर आमची एक विनंती आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की एक प्रश्न विचारा. “काल रात्री काय जेवलात?” एकट्या राहणाऱ्या बाईला तर आधी विचारा. तिचं उत्तर ‘असंच काहीतरी’ आलं, तर हसू नका आणि रागावूही नका. तिच्याशेजारी बसा आणि तिला विचारा, तुला काय आवडतं? उत्तराला वेळ लागेल. थांबा. आणि ते उत्तर वहीत लिहून ठेवा, बचतीच्या आकड्याइतकंच नीट.

आज कोणता वार आहे, ते बघू नका. जिचं जेवण व्हायचंय, तिनं उठा, अर्धी वाटी काहीतरी काढा आणि फोडणी घाला. खिडकी उघडी ठेवून.