उसाच्या फडातली पांढरी जमीन

(वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर इथं ऊसतोडीच्या कोप्यांवर झालेल्या बैठकीतलं भाषण)



दिवसभर कोयता चालवून बसलात, म्हणून लांबण लावत नाही. पण इथून नुसता उचलीचा हिशेब घेऊन घरी जाऊ नका, इथली जमीन पण बघून जा.

पाटाच्या खालच्या अंगाला बघा, पांढरं फुटलंय. ते क्षार आहेत. हा मुलूख पावसाचा नाही, वर्षाला वीस-बावीस इंच पडला तर पडला. ऊस उभा आहे तो नीरेच्या कालव्यावर. बारमाही पाणी, तेही मोकाट. काळ्या जमिनीतून पाणी लवकर निघत नाही, बाहेर जायला चर नाही. मग खालचं पाणी वर वर येतं, मातीतले क्षार घेऊन येतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. पुढं तीच जमीन चोपण होते. ओली असली की पायाला चिकटते, वाळली की कुदळ लागत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, आणि त्या बाजूच्या जमिनी खारवट झालेल्या इंग्रज सरकारनंच पाहिल्या. तरी आजही पुष्कळ ठिकाणी पाणी आहे, निचरा नाही.

त्यात उसामागं ऊस, वर खोडवा. पाचट पेटवून देतात. शेणखत कमी, युरिया जास्त. पीक हिरवं दिसतं, पण मातीच्या पोटात कुजणारं काही जात नाही. शेतकऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. कारखाना टनावर पैसे देतो, मातीवर नाही.

आता आपल्याकडचं. वनहक्काचा पट्टा मिळाला की कुणी तरी येतो. म्हणतो, तीन वर्षं जमीन द्या, बी-खत-फवारा आमचा, तुम्हाला रोख. उचल फिटेल म्हणून जीव हलतो, खरं आहे. पण इथली माती खोल, तरी तिची ही गत. आपल्या डोंगराला वीतभर माती. उतारामुळं ती खारवट होणार नाही, वाहून जाईल. बांधावरची झाडं काढली, नागली-तूर-उडीद सोडून एकच पीक धरलं, की ती नदीला लागली. आणि २००६ च्या कायद्यानं पट्टा वारसाला जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

होळीला आपण घरी असू. त्याच आठवड्यात ग्रामसभा घ्या. कुणी खंडानं जमीन द्यायचा कागद केला असेल तर तो सगळ्यांसमोर वाचायचा. त्याची उचल कशी फेडायची, तेही तिथंच बोलू.