वर्गातील असामान्य बुद्धीची मुले : त्यांची पारख व त्यांचे शिक्षण

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी शाळेच्या भिंतीवरील सन्मानफलकाकडे सर्वांचे डोळे लागावेत हे साहजिक आहे. शिष्यवृत्ती मिळविलेल्यांची व पहिल्या आलेल्यांची नावे तेथे सुबक अक्षरांत लिहिलेली असतात, आणि ती वाचून मन प्रसन्न होते. परंतु आज ज्या मुलांविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत, त्यांची नावे कोणत्याही शाळेच्या फलकावर सापडतीलच अशी खात्री नाही. काहींची सापडतील. काही मात्र मागल्या बाकावर बसून, 'वात्रट' अशी पदवी संपादून, शाळा अर्ध्यावर सोडून गेलेले असतील. त्यांनी पुढे शेती केली, मासळी विकली, संसार नेटका केला, ह्यात उणे काही नाही. पण त्यांना दुसरे काही करण्याची संधी होती की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पहिल्या नंबराचा मुलगा व असामान्य बुद्धीचा मुलगा हे दोघे नेहमी एकच नसतात. पहिल्या नंबराचा मुलगा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर देतो. दुसरा कित्येकदा प्रश्नच नीट घातलेला नाही असे म्हणतो, व त्याबद्दल शिक्षा भोगतो. त्याचे हस्ताक्षर वाईट असू शकते, कारण विचारांच्या वेगास हात पुरा पडत नाही. गणिताच्या पायऱ्या तो लिहीत नाही. एकदम उत्तरावर जाऊन पोहोचतो, आणि आपण त्यास 'कोणाचे पाहून लिहिलेस?' असे दरडावतो. दहा उदाहरणे पंधरा मिनिटांत संपवून उरलेली वीस मिनिटे तो शेजाऱ्याच्या खोड्या काढण्यात घालवितो. मुलीचे लक्षण बहुधा निराळे. ती खोड्या काढीत नाही, गप्प बसावयास शिकते. व दोन-तीन वर्षांत आपली बुद्धी इतकी बेमालूम झाकून टाकते की घरच्यांनाही तिचा पत्ता लागू नये. अर्थात प्रत्येक खोडकर मुलगा बृहस्पती असतो असा ह्याचा अर्थ कोणी मातेने कृपा करून घेऊ नये!

मग पारख करावयाची कशी? बुद्धी मोजण्याचे पहिले व्यवहार्य साधन फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ ह्या दोघांनी १९०५ साली तयार केले. गंमत अशी की त्यांचा उद्देश अगदी उलट होता. वर्गात मागे पडणारी, वेगळ्या साहाय्याची गरज असलेली मुले शोधून काढणे हे त्यांचे काम होते. निरनिराळ्या वयांच्या साधारण मुलांना काय साधते हे त्यांनी पाहिले, आणि त्यावरून मुलाचे 'मानसिक वय' काढण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत लुईस टर्मन ह्यांनी १९१६ साली ह्या कसोटीची सुधारलेली आवृत्ती काढली व बुद्ध्यंक हा शब्द घरोघरी पोहोचला. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणावयाचे; दहा वर्षांच्या मुलास तेरा वर्षांच्या मुलाचे प्रश्न सुटले तर त्याचा बुद्ध्यंक १३०. हल्ली हा भागाकार करीत नाहीत, समवयस्कांशी तुलना करून अंक काढतात. पण १३० च्या वर शंभरांत साधारण दोनच मुले जातात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडेही हे काम लवकर झाले. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिने ह्यांच्या कसोटीचे मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले, व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत ह्या जोडनावाने ती कसोटी मानसशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे.

आता टर्मन ह्यांच्या उद्योगाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ तिच्यात आहे. १९२१ साली त्यांनी कॅलिफोर्नियात तल्लख मुलांचा शोध आरंभिला व दीड हजारांच्या आसपास मुले निवडली. त्यांची आयुष्ये पुढे अनेक दशके, टर्मन ह्यांच्या निधनानंतरही, नोंदविली गेली. त्या काळी असा समज होता की अतिबुद्धिमान मूल म्हणजे दुबळे, चष्मिस्ट, एकलकोंडे व लवकर कोमेजणारे. टर्मन ह्यांच्या नोंदींनी तो समज खोटा पाडला. ही मुले प्रकृतीने व स्वभावाने इतरांहून कमी नव्हती, उलट सरस होती. पण निवड कशी झाली ते पाहा. प्रत्येक मुलाची कसोटी घेणे अशक्य म्हणून प्रथम शिक्षकांस विचारले, 'आपल्या वर्गातील सर्वांत हुशार मूल कोणते?' आणि त्यांनी सुचविलेल्यांना प्रामुख्याने कसोटीस बसविले. ह्या चाळणीतून सुशिक्षित, सुस्थित घरांतील मुलेच फार आली. शिवाय टर्मन ह्यांना असे आढळले की शिक्षकांचे मत घेण्यापेक्षा हजेरीपटावरील जन्मतारखा पाहून वर्गातील सर्वांत लहान मूल निवडले असते, तर ते अधिक वेळा बरोबर ठरले असते. ह्याचे कारण उघड आहे. शिक्षक मुलाची तुलना वर्गाशी करतात, वयाशी करीत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलांत चमकणे निराळे, आणि आठ वर्षांच्या मुलाने त्यांच्या बरोबरीने चालणे निराळे.

चाळणीचे भोक आणखी एका ठिकाणी दिसले. विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ ह्या दोन मुलांची कसोटी झाली होती, पण अंक कमी पडल्यामुळे ती निवडली गेली नाहीत. पुढे शॉक्ली ह्यांना १९५६ साली व अल्वारेझ ह्यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी ते एकासही मिळाले नाही. ह्यावरून कसोटी टाकाऊ ठरते असे मी म्हणणार नाही. एका दुपारच्या एका अंकावर मुलाचे दार कायमचे लावू नये, एवढे मात्र ठरते. आणि निवडलेल्या मुलींचे काय झाले? त्यांतील पुष्कळ जणी शिक्षण पुरे करून घरीच राहिल्या. त्या काळच्या समाजाने त्यांच्या बुद्धीची मागणीच केली नव्हती.

शिक्षकांच्या शिफारशीवर विसंबल्याने कोण वगळले जाते, ह्याचा ठळक पुरावा अलीकडे फ्लोरिडातून आला आहे. तेथील एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात २००५ सालापर्यंत पालक वा शिक्षक नाव सुचवीत, मग मुलाची तपासणी होई. त्यानंतर दुसरीतील प्रत्येक मुलास, कोणी सुचवो वा न सुचवो, शब्दांवर अवलंबून नसलेली एक छोटी कसोटी देण्यात आली. निवडीची पातळी बदलली नव्हती. तरीही गरीब घरांतील मुलांच्या निवडीचे प्रमाण जवळजवळ तिप्पट झाले. डेव्हिड कार्ड व लॉरा ज्युलियानो ह्या अर्थशास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. म्हणजे ती मुले तेथेच, त्याच बाकांवर बसलेली होती. केवळ कोणी पाहिले नव्हते. पुढे पैशाच्या टंचाईमुळे ही सार्वत्रिक तपासणी बंद पडली, तेव्हा प्रमाण पुन्हा घसरले.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या शिष्यवृत्तीची परीक्षा हीच पारख मानली गेली. ती परीक्षा चांगली आहे. तिने कित्येक गरिबांच्या मुलांस हात दिला. परंतु जेथे मार्गदर्शक पुस्तके, खासगी शिकवणी व दोन वर्षांची तयारी उपलब्ध आहे तेथील मूल आणि जेथे दिवेलागणीनंतर धाकट्या भावंडास सांभाळावयाचे असते तेथील मूल, ह्या दोघांस ती एकच प्रश्नपत्रिका देते. त्यात भाषेची अडचण. ज्या मुलाच्या घरी सामवेदी, वाडवळी, कोळी किंवा वारली बोलली जाते, त्यास पुस्तकी मराठीतील समानार्थी शब्द ठाऊक नसणे हा बुद्धीचा दोष नव्हे. ह्यासाठीच केवळ आकृत्यांच्या साहाय्याने बुद्धी अजमावणाऱ्या कसोट्या निघाल्या. इंग्लंडात रेव्हन ह्यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेली कसोटी त्यांपैकी प्रसिद्ध आहे: आकृत्यांच्या रांगांत एक जागा रिकामी असते, आणि तेथे कोणती आकृती बसेल ते मुलाने शोधावयाचे. लिहिणे नाही, वाचणे नाही.

सरकारी पातळीवर १९६३ साली दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी विज्ञान-प्रज्ञाशोध सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी तो देशभर गेला व कालांतराने राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा ह्या रूपाने रुजला. २०२१ नंतर तो स्थगित झाला, ही खेदाची गोष्ट होय. नवोदय विद्यालयांचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. १९८५-८६ साली आरंभी जी दोन विद्यालये निघाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस. सहावीसाठी परीक्षा, किमान तीन-चतुर्थांश जागा खेड्यांतील मुलांस, एक-तृतीयांश मुलींस, आणि राहणे-जेवणे-शिकणे ह्यांची सोय तेथेच. पुण्यात आप्पा पेंडसे ह्यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापिली, व १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. तेथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड ह्यांचा विचार आधारास घेतला गेला: बुद्धी ही एकच शक्ती नसून अनेक शक्तींचा समूह आहे. एकच बरोबर उत्तर शोधणे ही एक शक्ती. विटेचे किती निरनिराळे उपयोग करता येतील हे सुचणे ही दुसरी. आपल्या परीक्षा पहिलीचीच पूजा करतात.

पारख झाली, तरी निम्मेच काम झाले. हुशार मूल सापडले की आपण बहुधा दोन गोष्टी करतो. एकतर त्यास तसलीच आणखी वीस उदाहरणे देतो. म्हणजे लवकर काम संपविण्याबद्दल दंड! नाहीतर त्यास वर्गनायक करून मागासलेल्या मुलांना शिकवावयास बसवितो. हे अधूनमधून ठीक आहे, कारण शिकविल्याने शिकलेले पक्के होते. पण वर्षभर तेच चालले तर त्या मुलाने स्वतः नवे काय शिकावयाचे?

जेथे ह्या विषयाचा विचार झाला, तेथे साधारण ह्या वाटा निघाल्या. एक, पुढे जाऊ देणे. ही काही आजची कल्पना नव्हे. जेझुइट शाळांच्या १५९९ सालच्या नियमावलीतच अशी तरतूद आहे की जो विद्यार्थी वरच्या वर्गात अधिक प्रगती करील असे स्पष्ट दिसते, त्यास वर्ष संपण्याची वाट न पाहता, परीक्षा घेऊन वर चढवावे. पालकांस भीती वाटते की मूल मोठ्यांत बावरेल. नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांविषयीचे अभ्यास ती भीती फारशी खरी ठरवीत नाहीत. आपल्याकडे अख्खा वर्ग गाळणे अवघड; पण पाचवीच्या मुलास गणिताच्या तासापुरते सातवीत बसविण्यास एका वेळापत्रकाखेरीज काय लागते? दुसरी वाट, येत असलेले गाळणे. अमेरिकेतील जोसेफ रेन्झुली ह्यांनी ही पद्धत सांगितली: धडा सुरू करण्यापूर्वीच त्याची परीक्षा घ्यावी, ज्यास तो येत असेल त्यास तो पुन्हा शिकवू नये, आणि वाचलेल्या वेळात खरा, सखोल उद्योग द्यावा. ह्याच रेन्झुलींनी १९७८ साली असे मांडले की केवळ बुद्धी पुरत नाही. कल्पकता व हाती घेतलेल्या कामाचा ध्यास ही तीनही एकत्र यावी लागतात.

जूलियन स्टॅन्ली ह्यांनी १९७१ साली बाल्टिमोर येथे आरंभिलेल्या कामातील एक युक्ती मला फार आवडते. वाण्याच्या ज्या तराजूत पाच किलोपर्यंतच वजन होते, त्यात सहा किलो घाला की साठ, काटा टोकाशीच जाऊन थांबणार. वर्गाच्या परीक्षेत शंभरांपैकी शंभर मिळविणाऱ्या मुलांचे तसेच होते. म्हणून स्टॅन्ली ह्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांस महाविद्यालयीन प्रवेशाची गणिताची परीक्षा दिली, आणि जी मुले एकसारखी दिसत होती त्यांच्यात केवढे अंतर आहे ते उघड झाले. आपल्या येथे श्रीराम अभ्यंकर ह्यांनी १९७६ साली पुण्यात स्थापिलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान गणिताच्या वाटेवर, व मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाडच्या वाटेवर अशा मुलांस हात देत आले आहेत. तेथवर मूल पोहोचविणे मात्र गावच्या शिक्षकाचेच काम.

त्यासाठी खर्च थोडा आहे. प्रत्येक शिक्षकाने एक वही ठेवावी व तिच्यात गुण न लिहिता मुलांनी विचारलेले प्रश्न लिहावेत. जून ते दिवाळी ती वही चालली तर कोणाकडे पाहावयाचे ते आपोआप कळेल. त्यांत एखादे नाव असे निघेल की शिक्षकखोलीत सर्वजण चकित होतील. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशातून निघून बाहेर खिळ्यावर टांगली जावी. आणि आठवी-नववीनंतर मुलीस शाळेतून काढण्याचा विचार ज्या घरी चालू असेल, तेथे शिक्षकाने व फादरांनी मिळून एकदा जाऊन यावे.

असे घरी जाऊन सांगण्याने काय होते, त्याचा एक जुना दाखला आहे. सायलेशियातील एका लहानशा खेड्यात १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेल नावाचा मुलगा जन्मला. गावच्या शाळामास्तराने व धर्मगुरूने त्याची बुद्धी हेरली व त्यास पुढील शाळेत पाठविण्याचा आग्रह धरला. बापास शेतावर एकुलत्या मुलाची गरज होती, तरी तो कबूल झाला. वसतिगृहाचे पुरे पैसे भरणे न साधल्याने मुलगा कित्येकदा अर्धपोटी राहिला. पुढे बाप झाडाच्या ओंडक्याखाली सापडून जायबंदी झाला व शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावास देऊन टाकला. हाच मुलगा मठात ग्रेगोर हे नाव घेऊन राहिला, १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला, आणि १८६५ साली वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम जगापुढे ठेविले. १८६८ साली तो मठाधिपती झाला, हाती चार पैसे आले, तेव्हा त्याने थेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांतील दोघे डॉक्टर झाले.