जिगर : यकृताचा विकार आणि रुग्णाचे जगणे



भाषेच्या अध्यापकाने वैद्यकाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. मला या विषयाकडे एका शब्दाने नेले. मराठीत ‘जिगर’ म्हणजे हिंमत. आपल्या कोठीच्या बाजारात कानी पडणाऱ्या उर्दूत त्याचा मूळ अर्थ यकृत. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या या परिसरात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात.

निरोगी यकृत दररोज सुमारे १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन नावाचे प्रथिन घडवते. ते रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते. शिवाय बिलिरुबिन, औषधे, विषारी द्रव्ये यांचे ओझे वाहते. सिरोसिसमध्ये यकृत निबर होते, हे प्रथिन घटते आणि उदरात पाणी साठते. यालाच आपण जलोदर म्हणतो. मात्र उणीव केवळ संख्येची नसते. उरलेले अल्ब्युमिनही बिघडलेले असते. हमाल कमी, आणि आहेत तेही थकलेले.

इटलीतील ‘आन्सर’ चाचणीत (२०१८) जलोदराच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर दीर्घकाळ अल्ब्युमिन दिले गेले. अठरा महिन्यांनंतर जगण्याचे प्रमाण त्यांच्यात ७७ टक्के, तर इतरांत ६६ टक्के होते. उदरातील पाणी काढण्याचे प्रसंगही घटले. उलट ब्रिटनमधील ‘अटायर’ चाचणीत (२०२१) इस्पितळात दाखल रुग्णांच्या रक्तातील अल्ब्युमिनचा आकडा वाढवूनही लाभ दिसला नाही. अहवालातील आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

माणसाचे जगणे घरात घडते. रुग्णास रात्री झोप नाही, दिवसा गुंगी. स्नायू झिजतात, विस्मरण होते, आणि घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात. त्यातच ‘दारूच प्यायला असेल’ ही कुजबुज! हिपॅटायटिस बी व सी किंवा यकृतातील चरबी यांमुळेही हा विकार जडतो, हे कोण सांगणार? पथ्याच्या नावाखाली त्याची डाळ, दही बंद केली जातात. आजचे वैद्यक सांगते की वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज हवीत, आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हवे. कमी करायचे ते मीठ. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

विद्यार्थिमित्रहो, घरी असा रुग्ण असेल तर अहवाल अवश्य वाचा. पण आधी त्याच्याजवळ बसून विचारा, ‘आज झोप लागली का? काय खावेसे वाटते?’ त्याची जिगर टिकवण्याचे एवढे काम आपल्या हाती आहे.