हात काळे करण्याचं शिक्षण
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी कलेवर बोलणार म्हटल्यावर मागचे दोघं-तिघं चहाला उठले, ते मला दिसलं. जाऊ द्या, येतील.

मी विद्यापीठात प्रिंटमेकिंग शिकलो. पुस्तकी मराठीत त्याला मुद्राचित्रण म्हणतात. आपल्या वस्तीत त्याला कुणीच काही म्हणत नाही. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तेव्हा नखांत शाई, बोटांवर अ‍ॅसिडचे पिवळे डाग. आईने माझे हात उलटसुलट करून पाहिले. तिची उभी हयात झाडू मारण्यात गेली. म्हणाली, "हातच काळं करायचं हुतं तर एवढी शाळा कशापाई शिकलास रं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज त्याच प्रश्नावर बोलतोय.

आधी काम काय असतं ते ऐका. शिळाछाप घ्या. झेनेफेल्डर नावाच्या जर्मन नाटककाराकडे आपली नाटकं छापायला पैसे नव्हते. त्यानेच लिहून ठेवलंय की १७९६ साली आईने सांगितलेली धुण्याच्या कपड्यांची यादी कागद नाही म्हणून दगडावर लिहिली, आणि तिथून त्याला वाट दिसली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. वर डिंक अन् चार थेंब नायट्रिक अ‍ॅसिड. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. शास्त्र एवढंच. हाताला यायला मात्र वर्षं जातात.

आणि तो जुन्या पद्धतीचा रूळ असतो कातड्याचा. वासराच्या कातड्याचा! आमचे एक सोवळ्यातले सर तो रोज लेकरासारखा पुसून ठेवायचे. म्हणजे कातडं जर्मनीहून आलं की परंपरा, अन् गावकुसाबाहेर कमावलं की विटाळ.

दगड पुन्हा वापरायचा तर जुनं चित्र घासून काढावं लागतं. दगडावर दगड, मधे पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी, अन् तासन् तास घासत राहायचं. आमच्याकडे हे काम शिपायाच्या पगारावर एक मामा करायचे. नुसत्या आवाजावरून सांगायचे, "भुकटी मेली, नवी टाक." सरांच्या प्रिंटा दिल्लीच्या प्रदर्शनात लागायच्या, खाली पेन्सिलीने सरांची सही. मामांचं नाव कुठंच नाही. माझं निम्मं शिक्षण मामांनी केलंय.

आता जी गोष्ट सांगायला लाज वाटते ती सांगतो. शेवटच्या वर्षी मी जस्ताच्या पत्र्यावर आईचं चित्र केलं. पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यात रेघ काढायची, पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. उघड्या रेघा अ‍ॅसिड खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचा. दहा प्रती काढल्या. १/१०, २/१० असे आकडे घातले. मग हुकूम झाला, प्लेट रद्द कर. म्हणजे पत्र्यावर फुली मार, अकरावी प्रत निघता कामा नये. जास्त निघाल्या तर भाव पडतो ना! एकाचे हजार करायला जन्मलेली ही कला, आणि बाजार तिच्याकडून हजाराचे दहा करून घेतो.

मी नाही म्हणालो का? नाही म्हणालो. मार्क होते, स्कॉलरशिप होती. खिळा घेतला आणि आईच्या तोंडावरून आडवी-उभी रेघ ओढली. तो पत्रा घरी पेटीत आहे. आईला दाखवलेला नाही.

त्याच वर्षी लायब्ररीत मला एलिझाबेथ कॅटलेट भेटली. अमेरिकेतली काळी बाई, जन्म १९१५, आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेने तिला गुणांवर घेतलं आणि काळी आहे म्हणून नाकारलं. मग ती काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकली. १९४० साली आयोवा विद्यापीठातून शिल्पकलेची मोठी पदवी घेतली. पदवी मिळाली, पण वसतिगृहात तिला जागा नव्हती. हे ऐकून तुम्हाला काही आठवतंय ना?

१९४६ साली ती मेक्सिकोला गेली. तिथं १९३७ पासून 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' नावाची चित्रकारांची कार्यशाळा होती, लोकांसाठी छापणारी. लिनो कापायचे, लिनो म्हणजे फरशीवर घालायचं स्वस्त आच्छादन. एकमेकांच्या चित्रांवर सगळे मिळून टीका करायचे आणि साध्या कागदावर स्वस्तात छापायचे. कॅटलेटने तिथं काळ्या बाईवर पंधरा लिनोकटांची मालिका केली. पुढे १९५२ च्या सुमारास 'शेअरक्रॉपर' केलं, म्हणजे वाट्याने शेती करणारी बाई. डोक्यावर गवती टोपी, अंगातला कोट सेफ्टीपिनने अडकवलेला. ती पिन पाहून मी लायब्ररीत बराच वेळ बसून राहिलो. आईच्या ब्लाउजला अशीच पिन असायची. मी ती माझ्या चित्रात काढलीच नव्हती. म्हटलं, बरं दिसणार नाही!

अमेरिकेने पुढे या बाईला कित्येक वर्षं मायदेशी येऊ दिलं नाही. ब्लॅक पँथरचा चित्रकार एमरी डग्लस तर छपाईचे पहिले धडे सुधारगृहाच्या छापखान्यात शिकला, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात. आणि आपल्या नागपूरचे सवी सावरकर बडोद्याच्या विद्यापीठात मुद्राचित्रण शिकले. त्यांच्या चित्रांतला अस्पृश्य गळ्यात मडकं घेऊन आर्ट गॅलरीत शिरला.

कुणी म्हणेल, मोबाईलवर दोन मिनिटांत पोस्टर होतं, दगड कशाला घासता? करा की मोबाईलवर, मीही करतो. पण जयंतीचे फ्लेक्स पाहा. एकाच दुकानाचा साचा, वर बावीस पुढाऱ्यांची मुंडकी. त्यात दगड घासणारे मामा कुठंयत? झाडूवाली कुठंय?

आपल्यातल्या ज्यांना विद्यापीठात जागा मिळते त्यांनी ती सोडू नये. अ‍ॅसिड, दगड, पत्रा सगळं शिकावं, सरांपेक्षा चांगलं शिकावं. फक्त फुली मारायची वेळ आली की माझी आठवण ठेवा.

आईचं चित्र मी लिनोवर पुन्हा कापलंय, पिनेसकट. पुढच्या रविवारी याच हॉलमध्ये छापू. प्रेस लागत नाही, कागदाच्या पाठीवर चमचा घासला तरी ठसा उठतो. मामा रिटायर झालेत, येतो म्हणालेत. आईलाही आणतोय. किती प्रती काढायच्या ते ठरवलेलं नाही. येताना जुने कपडे घालून या.