बोकड कोणाचा आणि पाप कोणाचे?
(द्रोणागिरी येथे केलेले भाषण)



पूर्वी गावात पटकी आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. पीडा पुढच्या गावी जावो, आपण सुटावे, एवढाच हेतू. ज्यू लोकांच्या जुन्या शास्त्रातही अशीच चाल सांगितली आहे. मुख्य याजकाने बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांची पापे त्याजवर घालावी आणि त्यास रानात हाकलून द्यावे. पाप कोणाचे आणि भोगतो कोण!

पण भ्यालेल्या जमावाचे बोकडावर भागत नाही. त्यास माणूस लागतो. येशूच्या वेळचा मुख्य याजक कयफा हाच हिशेब मांडतो की, सारे राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा. रने जिरार (1923–2015) ह्या फ्रेंच विद्वानाचे म्हणणे असे की, पुराणकथा बहुधा मारणाऱ्यांच्या तोंडच्या असतात. तीत मेलेला अपराधीच ठरतो. ख्रिस्ताच्या कथेत मात्र मेलेला निरपराध होता, हे उघड सांगितले आहे.

आम्हांस ह्याचे नवल वाटले नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त वामनाची कथा बळीच्या बाजूने वाचली आणि येशूलाही बळीराजाच म्हटले. आपल्या आयाबहिणी तर ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" असेच म्हणत आल्या. पुराण वामनाचे, पण आठवण बळीची!

तरी कथा कळली म्हणजे माणूस सुधारला असे नाही. युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष घातले असा आळ ख्रिस्ती लोकांनी घेतला आणि 1349 साली स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यू जाळले. गळ्यात क्रूस आणि हातात पलिता!

त्यांस हसू नका. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. त्या पाचांनी कोणाचे मूल पळविले नव्हते. आपल्या रायगड जिल्ह्यातही गावकीने घरेच्या घरे वाळीत टाकिली. त्याविरुद्ध 2016 साली कायदा करावा लागला. वाळीत टाकणे म्हणजे बोकड रानात हाकलणेच नव्हे काय?

आम्हीही निर्दोष नाही. एकदा वर्गात कंपासपेटी हरवली. पोरांनी सर्वांत गरीब मुलाकडे बोट दाखविले आणि आम्ही त्याच्यावर छडी उगारली. पेटी दुसऱ्या दिवशी ज्याची त्याच्याच घरी सापडली. पण तो मुलगा पुढे आमच्याकडे मान वर करून कधी पाहीना.

म्हणून एवढेच मागणे आहे. बैठकीत कोणाचे नाव निघाले, तर "पुरावा काय?" एवढे विचारा. मोबाईलवर अफवा आली, तर पुढे धाडू नका. पोलीस पाटलास कळवा. एकाने तोंड उघडले म्हणजे दुसऱ्यास धीर येतो. ज्याच्या बाजूने बोलणारा एक तरी आहे, त्याचा बोकड करणे सोपे नसते.