मिरचीची कडी, डाळिंबाची कडी

ज्यांच्या गटात भरतकाम चालतं, त्यांनी आज जरा जवळ येऊन ऐका. दोऱ्यांच्या कडीला लावायचं काचेचं लटकन घरच्या घरी कसं करायचं, ते आम्ही सांगणार आहोत. पण आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे हे लटकन कशासाठी ते कळेल.

आमच्या गटात नऊजणी भरतकाम करतात. मागच्या वर्षी उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं, 24 नग, पांढऱ्यावर लाल फुलं. माल गेला आणि आठ दिवसांत 6 अभ्रे परत आले. एकाच वेलीवरची फुलं दोन तऱ्हेच्या लाल रंगांत भरलेली. रात्री दिव्याखाली फरक कळत नव्हता, उन्हात धरलं की लगेच दिसायचा.

खापर फुटलं गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशींवर. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांना आकडे वाचता येत नाहीत. त्याही म्हणाल्या, "माझंच चुकलं असंल, बाई." पण आम्ही वही काढली, कुणाला कधी कुठली लडी दिली ते बघितलं, तर दोन्ही लाल लड्या आमच्याच हातून गेलेल्या! दोरे वाटायचं काम आम्ही समन्वयकांनी आपल्याकडे ठेवलं होतं, का तर आम्ही शिकलेल्या. बैठकीत सगळ्यांसमोर तसं सांगितलं. नुकसान गटाच्या खात्यावर घेतलं, मावशींची मजुरी पुरी दिली.

झालं होतं असं. भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची, सहा पदरांची. रंगाचा नंबर असतो तिच्यावरच्या कागदी पट्टीवर. दोरा काढता काढता पट्टी निसटते आणि केरात जाते. मग उरलेला दोरा कुठल्या नंबरचा, हे कोण सांगणार? म्हणून आम्ही एकेका रंगाला एकेक कडी केली. सुटी पानं अडकवायला उघडझाप होणारी कडी मिळते ना, तीच. त्या रंगाचे उरलेले दोरे तिच्यातच अडकवायचे. कडीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर नंबर लिहिला. पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडला, शाई पसरली. आणि मावशींना तो तरी कुठे वाचता येत होता?

एक दिवस मावशींनी कनवटीची किल्ली काढून आमच्यापुढे ठेवली. तिला जत्रेतलं किचेन होतं, फुगीर काचेखाली देवाचा फोटो. म्हणाल्या, "ह्यात मिरची असती, तर मला कळलं असतं ही कुठली कडी."

तिथून सुरुवात झाली. ही काच एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर असते. दुकानदार तिला कॅबोशॉन म्हणतात, आम्ही भिंगाची काच म्हणतो. आम्ही पुण्याच्या रविवार पेठेतून आणली, बोहरी आळीत दागिन्यांचं सुटं सामान मिळतं तिथून. दोऱ्यांच्या कडीला 25 मिलिमीटरची काच बरी, त्याहून बारीक घेतली तर चित्र ओळखू येत नाही. तिच्याच मापाची, वर कान असलेली धातूची ताटली घ्यायची.

पहिल्या खेपेला 20 काचा केल्या, त्यातल्या 11 वाया गेल्या. कशानं गेल्या ते नीट ऐका, तुमचे पैसे वाचतील. शाईच्या प्रिंटरवर काढलेली चित्रं गोंद लागताच पसरली. चित्रं लेझर प्रिंटरवर काढून घ्या, झेरॉक्सवाल्याला तसं विचारा, आणि कागद साधा घ्या. गुळगुळीत फोटोच्या कागदातून ओल बाहेर जात नाही, गोंद सुकायला फार वेळ लागतो. दोन काचांना झटपट चिकटणारा गोंद लावला, तर काचेवर पांढरी वाफ धरल्यासारखं झालं. एकीनं मागून नेलपेंट लावलं, तिच्या चित्राचा रंगच विरघळला.

आता जमतं ते असं. काच कागदावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचा आणि रेघेच्या किंचित आतून कापायचं. काच मऊ कापडानं पुसायची. सपाट बाजूला बोट लावू नका, बोटाचा ठसा भिंगातून मोठा होऊन दिसतो. सुकल्यावर पारदर्शक होणारा गोंद घ्या. नक्की माहीत नसेल तर एक थेंब नुसत्या काचेवर सुकवून बघा. मधोमध एकच थेंब टाकायचा, चित्राचं तोंड काचेकडे करून ठेवायचं आणि मधून कडेकडे हळूहळू दाबत जायचं, म्हणजे हवा बाहेर जाते. काच उलटून बघा. बुडबुडा दिसला तर गोंद ओला आहे तोवरच काढता येतो. रात्रभर सुकू द्या, मग मागच्या बाजूनं त्याच गोंदाचा एक हात द्या.

ताटलीत काच बसवायला दोन नळ्यांचा गोंद लागतो, दोन्ही सारखे घेऊन कालवायचे. हे काम दारंखिडक्या उघड्या ठेवून, पोरं शाळेत गेल्यावर करा. स्वयंपाकातली वाटी त्याला मुळीच घेऊ नका.

लटकन मोठ्या कडीत अडकवायची बारीक कडी दोन पकडींनी उघडायची. टोकं बाजूला फाकवायची नाहीत. एक टोक पुढे, एक मागे असं पिळायचं, नाहीतर तिचा गोल पुन्हा जमत नाही. बंद केल्यावर सांध्यावरून दोऱ्याचा एक पदर फिरवून बघा. अडकला तर अजून फट आहे. ताटलीची कडही बोटानं तपासा, खरखरीत असेल तर पॉलिश पेपरनं घासा. सुताचं कौतुक करायला लटकन लावलं आणि त्यानंच सूत ओढलं, असं नको.

चित्रं कुठली, हे मावशींनी ठरवलं. दोन लालांपैकी एक मिरची, एक डाळिंब. पिवळ्यांत हळकुंड आणि झेंडू. चित्रातला रंग दोऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, तसा नादही करू नका, चित्र ओळखीपुरतं आहे. चित्राखाली आम्ही बारीक नंबरही छापून घेतो, दुकानात तोच दोरा मागायला लागतो म्हणून.

ही लटकनं विकता येतात का, असं काहीजणी विचारतात. आमच्याकडून थोडी गेली, शेजारच्या गटांनी घेतली. पण तयार माल बाजारात स्वस्त मिळतो, नुसत्या लटकनांवर गट चालेल असं आम्हाला वाटत नाही. विकायचीच असतील तर वाया गेलेल्या काचा, प्रिंटचे पैसे, गोंद आणि आपल्या हाताचा वेळ, सगळं किमतीत धरा. वेळ धरायला आपण हमखास विसरतो. आणि सुरुवातीला पाचच काचा आणा, पन्नास नकोत.

दोरे वाटायचं काम आता मावशींकडे आहे. परवा आम्ही घाईत डाळिंबाच्या कडीला हात घातला, तर म्हणाल्या, "ती न्हाई. तुमच्या फुलाला मिरची लागंल."